पाते परके, मूठ घरची

नवरात्र उजाडले की छत्रपती संभाजीनगरात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते. दर्शनाला रीघ लागते, आणि नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, घरोघर शस्त्रपूजन होते. आता बहुतेक घरांत शस्त्र म्हणजे विळी, सुरी, कात्री आणि कारागिराची हत्यारे; परंतु काही जुन्या घराण्यांतून अद्यापि एखादी तलवार, एखादी कट्यार किंवा बिचवा पेटीच्या तळाशी तांबड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. त्या दिवशी तो बाहेर निघतो, तेलाने पुसला जातो, त्याला गंधफूल वाहतात. भोवती जमलेली मंडळी म्यानातून पाते किंचित ओढून पाहतात, धार शाबूत आहे की नाही याची चर्चा करितात आणि हत्यार पुन्हा गुंडाळून ठेवितात. मुठीकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही.

वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने त्या हत्याराचा अधिक बोलका भाग मूठ हाच होय. पाते कोठेही घडलेले असू शकते. ते विकत येते, लुटीत येते, नजराण्यात येते, एका देशातून दुसऱ्या देशात जाते. मूठ मात्र ज्याच्या हातात ते पाते जावयाचे, त्याच्या हाताच्या मापाने, त्याच्या लढण्याच्या रीतीने आणि त्याच्या ऐपतीप्रमाणे बसविली जाते. दख्खनच्या शस्त्रांत तर हे इतके स्पष्ट दिसते की, येथील पुष्कळ तलवारींचे वर्णन एका वाक्यात करता येईल : पाते परके, मूठ घरची.

प्रथम मुठीचे प्रयोजन काय, याचा विचार करू. हातातून सुटणारे शस्त्र आणि हातात राहणारे शस्त्र असे हत्यारांचे दोन वर्ग पडतात. सुटणाऱ्या शस्त्राला मूठ जितकी साधी तितकी चांगली. मराठवाड्यातील नांदेड येथे, जेथे गुरु गोविंदसिंहांचे 1708 साली देहावसान झाले, तेथे निहंग शिखांच्या फेट्यांवर पोलादी चक्रे दिसतात. चक्र हे फेकण्याचे शस्त्र. त्याला मूठ मुळीच नाही, सगळे वर्तुळच धार. मराठ्यांचा विटा हा फेकण्याचा भाला. त्याला शोभेची मूठ नसून एक दोरी असे, फेकलेला भाला त्या दोरीने परत ओढून घेता येई. फेकण्याच्या सुरीचाही नियम हाच. ती हवेत स्वतःभोवती फिरत जाते. म्हणून तिचे वजन पात्यात व मुठीत तोलून वाटावे लागते, आणि बोटांतून सुटताना अडकेल असे आडवे पान, कडी किंवा उंचवटा मुठीवर चालत नाही. मुठीला सोन्याचांदीचे जड साज चढविले की तोल बिघडला म्हणून समजावे.

हातात राहणाऱ्या शस्त्राची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे मूठ बोटांना अडवून धरते, मनगटाचे रक्षण करते, घाव बसताना हात पुढे घसरू देत नाही. कट्यारीचेच पाहा. तिची मूठ म्हणजे दोन समांतर दांड्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. त्या आडव्या पट्ट्या मुठीत आवळल्या की दोन्ही दांड्या मनगटाच्या दोन बाजूंना येतात आणि पाते वळलेल्या मुठीच्या सरळ पुढे जाते. ही मूठ हातातून सुटू नये म्हणूनच घडविलेली आहे; कट्यार फेकावयाची म्हटले तर मुठीची सारी रचनाच विरोध करील. दांडपट्ट्यात तर हात कोपरापर्यंत लोखंडी खोळीत जातो; मूठ आणि हातमोजा एकच होऊन जातात. हत्याराची मूठ नीट पाहिली की ते कसे चालविले जात असे, हे कोणी न सांगताही कळते.

आता पात्याकडे वळू. दख्खनला चांगल्या पोलादाची वाण नव्हती. आजच्या तेलंगणातील निर्मळ व निजामाबादच्या बाजूस कोनासमुद्रम येथे मुशीत शिजवून पोलादाचे गोळे करीत. व्हॉयसी नावाच्या इंग्रज भूगर्भवेत्त्याने ही कृती पाहून लिहून ठेविली. ते टिपण त्याच्या मृत्यूनंतर 1832 साली प्रसिद्ध झाले. हे पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथवर येत असत. असे असूनही सोळाव्या शतकापासून युरोपातील पाती हिंदुस्थानात मोठ्या संख्येने येऊ लागली. पोर्तुगीजांचा गोव्यात जम बसला, पुढे सुरतेस इंग्रज व डच वखारी झाल्या, आणि जर्मनीतील झोलिंगेन, स्पेनमधील तोलेदो व इटालीतील गावांची लांब, सरळ, लवचीक पाती जहाजांतून उतरू लागली. त्यांवर लांडग्याची आकृती, चंद्रकोर, मुकुट अशी कारागिरांची चिन्हे असत. मराठी शिपायाने त्या पात्याला साधे नाव दिले : फिरंग. जर्मन पात्याला आलेमान म्हणू लागले. कवायती शाळेत शिकलेल्या गोऱ्या शिपायासाठी घडलेले ते पाते येथे आले खरे, परंतु त्याची मूळची मूठ येथील हाताला मानवेना.

कारण लढण्याची रीतच निराळी होती. युरोपातील पुष्कळशी सरळ पाती टोकाने भोसकण्याच्या विद्येसाठी घडत. बोटे पुढच्या कड्यांत गुंतवून ती धरीत. येथील स्वार घोड्यावरून सपासप वार करी. त्याला आवळून बसणारी, आखूड, पोटाशी फुगीर मूठ हवी असे. म्हणून व्यापाऱ्याने पाते आणावयाचे आणि मूठ येथील कारागिराने चढवावयाची, असा क्रमच पडला. फिरंगेच्या मुठीला बोटांवरून वळलेली रुंद परज, आत बोटांना घाव लागू नये म्हणून कापसाची कातडी गादी, वरच्या अंगास कटोरीसारखी वाटोळी चकती आणि तिच्यातून निघालेला बोटभर जाड काटा, असा सारा थाट असे. तो काटा पाहून अनेकांना वाटते की ही केवळ शोभा आहे. तसे नव्हे, दोन्ही हातांनी वार करावयाचा असता दुसरा हात त्या काट्याला धरीत. लांब पाते फार लवू नये म्हणून मुठीपासून पात्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या रिबिटाने बसवीत. परदेशी पात्याला दिलेला हा देशी आधारच होय.

मूठ बसविण्याची कृतीही समजून घेण्यासारखी आहे. तलवारीची मूठ पुष्कळदा भरीव नसते. लोखंडी पत्र्याचे दोन अर्ध घडवून ते डाग देऊन जोडतात; आत पोकळी राहते. त्या पोकळीत लाख, राळ आणि विटेची बारीक पूड यांचे मिश्रण वितळवून भरतात. पात्याचे मुठीत जाणारे आखूड टोक तापवून त्या मिश्रणात दाबून बसवितात, पाते सरळ रेषेत आहे ना हे डोळ्याने पाहतात आणि थंड होऊ देतात. लाख गोठली की मूठ व पाते एकजीव होतात. पुष्कळ तलवारींत खिळा नाही, चाप नाही. अनेक लढायांतून टिकणारी पकड केवळ लाखेची आहे. शिपायाला हे सोयीचेच होते. मूठ हलू लागली तर छावणीतील शिकलगार ती तापवून पुन्हा पक्की करून देई. पाते मोडले तर तीच मूठ दुसऱ्या पात्याला, आणि मूठ चेपली तर तेच पाते दुसऱ्या मुठीत. लुटीतील हत्यार मिळाले की नव्या धन्याच्या हाताप्रमाणे त्याला नवी मूठ चढे. मात्र लाख ही कठीण पण ठिसूळ वस्तू आहे. वार ती सोसते, परंतु अंतरावरून जाऊन आपटणाऱ्या हत्याराचे वरचेवर बसणारे हादरे ती फार दिवस सोसू शकत नाही. फेकण्याच्या सुऱ्यांना पाते व दांडा एकाच लोखंडाचा ठेवून वर चामडे किंवा दोरी गुंडाळणेच बरे पडते, ते याचमुळे.

अशा मुठी घडविणाऱ्यांत बागलाणातील मुल्हेर या गावाचे नाव मोठे होते. हे गाव आज नाशिक जिल्ह्यात, सटाणे तालुक्यात येते. सुरतेहून बागलाणमार्गे दख्खनमध्ये उतरणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते वसले आहे, आणि त्याच्या माथ्यावर मुल्हेरचा किल्ला आहे. सुरतेच्या बंदरात उतरलेला परदेशी माल ज्या वाटेने आत येई, त्याच वाटेवर मुठींचे गाव असावे, यात नवल ते काय ! 1638 साली शहाजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना बागलाणचा राजा बहिरजी याने मुल्हेर मोगलांच्या हवाली केले. पुढे शिवाजी महाराजांच्या फौजांनी साल्हेर-मुल्हेरचा मुलूख जिंकला, आणि 1672 साली साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांचा प्रसिद्ध पराभव झाला. राज्ये बदलली तरी कारागिरीचे नाव टिकले. त्या घाटाच्या मुठीला मुल्हेरी मूठ असेच म्हणू लागले.

मुल्हेरची वाट पुढे ज्या शहराकडे येई, त्या शहरात या हत्यारांना गिऱ्हाईक अमाप होते. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसविली. 1653 साली औरंगजेब पुन्हा सुभेदार म्हणून आल्यावर तिला औरंगाबाद हे नाव मिळाले. 2023 साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. मलिक अंबर स्वतः हबशी. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे सरदारही होते. मोगल अमदानीत या शहराभोवती सरदारांचे पुरे वसले. बिकानेरचे राजे कर्णसिंह येथेच राहिले आणि 1669 साली येथेच वारले. कर्णपुरा हे नाव त्यांचे. त्यांचा पुत्र पद्मसिंह, ज्याच्या जड तलवारीची ख्याती राजस्थानात आजही सांगतात, त्याचे नाव पदमपुऱ्याला आहे. पहाडसिंगपुरा हा बुंदेला सरदार पहाडसिंहाच्या नावाचा. 1682 साली खुद्द बादशहा येथे येऊन पोचला आणि त्याच्या मागोमाग हिंदुस्थानातील नाना प्रांतांची माणसे आली. या एका शहरात राजपुताची रुंद खांड्याची मूठ, मराठ्याची काटेरी मूठ, अरबाच्या जंबियाची शिंगाची मूठ आणि मोगल उमरावाच्या खंजिराची रत्नजडित मूठ एकमेकींशेजारून जात असतील. कमरेला काय लटकते आहे, यावरून माणूस कोणत्या मुलखाचा हे लांबूनच ओळखता यावे, अशी ती स्थिती.

उमरावांच्या मुठींचा थाट अर्थातच निराळा. खंजिराच्या मुठी यशबाच्या, म्हणजे हिरवट किंवा दुधी रंगाच्या कठीण दगडाच्या करीत. हा दगड मध्य आशियातील खोतानकडून येई. पोलादी कानशीने तो घासला जात नाही. कुरुंदाची पूड पाण्यात कालवून, चाक फिरवीत, कित्येक दिवस झिजवून त्याला आकार द्यावा लागतो. कोणाची मूठ घोड्याच्या मस्तकाची, कोणाची मेंढ्याच्या, तर कोणाची नुसतीच पानाफुलांची वळलेली. वर सोन्याच्या कोंदणात माणके. दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आठवेल की त्या तोफेचे मागचे टोक मेंढ्याच्या मस्तकाचे आहे. हत्याराच्या मागच्या टोकाला जिवंत प्राण्याचे तोंड देण्याची हौस त्या काळी हातभर खंजिरापासून किल्ल्यावरच्या तोफेपर्यंत सारखीच होती. बादशहा जहांगीर तर या बाबतीत इतका हौशी की, पूरण आणि कल्याण या दोन कारागिरांनी सागरी प्राण्याच्या दातापासून खंजिराच्या मुठी कशा केल्या, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात नावानिशी नोंदवून ठेविले आहे. त्या मुठींच्या घाटाला जहांगीरी हे नाव होते. पाते घडविणाऱ्यापेक्षा मूठ कोरणाऱ्याचे नाव बादशहाच्या लेखणीतून उतरावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लोखंडी मुठीवर सोने चढविण्याचे जे काम, त्याला कोफ्तगिरी म्हणतात. बिदरी काम मराठवाड्यास परिचित आहे. त्यात जस्ताच्या ओतीव भांड्यात चांदी बसवितात. कोफ्तगिरीचा प्रकार वेगळा. येथे लोखंडाच्या पृष्ठावर तीक्ष्ण सुरीने अतिशय बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढून ते खरखरीत करितात. मग केसासारखी सोन्याची तार नक्षीप्रमाणे ठेवून हलक्या हातोडीने ठोकीत जातात. रेघांच्या दातांत सोने पकडले जाते. शेवटी गरम करून अकीकाच्या ओपणीने घासले की वेलबुट्टी लखलखू लागते. अशा मुठीचे सोने जाडीने अगदी थोडे असते. राखेने किंवा आंबट पदार्थाने चार वेळा घासले तर कारागिराची महिनाभराची मेहनत एका सकाळीत निघून जाते.

सामान्य शिपायाला सोने कोठून परवडणार ? परंतु त्याचेही परक्या पात्याशी नाते होतेच. फिरंगेचे मोडलेले पाते कोणी टाकून देत नसे. त्याचा शाबूत तुकडा कापून कट्यारीच्या मुठीला रिबिटाने जोडीत. संग्रहालयांत अशा कट्यारी पुष्कळ आढळतात. मूठ पुरी दख्खनी आणि पात्यावर मात्र युरोपातील कारागिराची पुसट अक्षरे. मूळ तलवार कोण्या गोऱ्याने वागविली असेल, ती कोठे मोडली असेल, हे सांगावयास कोणी नाही. पण तिचा शेवट येथल्या हातात झाला, हे ती मूठ सांगते.

या साऱ्या कथेचे एक ठळक उदाहरण नुकतेच महाराष्ट्राच्या नजरेसमोर आले. नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक रघुजी भोसले, शाहू महाराजांचे सेनासाहेबसुभा, ज्यांनी बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या आणि जे 1755 साली वारले, त्यांच्या नावाची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने ती घेतली. सर्व खर्च धरून सुमारे 47 लाख 15 हजार रुपये लागले आणि ऑगस्ट 2025 मध्ये ती मुंबईस पोचली. ही तलवार फिरंग आहे. तिचे पाते युरोपातील, एकधारी व सरळ. तिची मूठ मुल्हेरी घाटाची व सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव, त्यांचा किताब आणि 'फिरंग' हा शब्द. ज्याने ती अक्षरे घातली, त्याने पाते परके आहे हे लपविले नाही. उलट अभिमानाने लिहून ठेविले. एका हत्यारात सुरतेची वाट, मुल्हेरचा कारागीर आणि नागपूरचा सरदार असे तिघेही एकत्र नांदत आहेत. समजा, मधल्या दोन-अडीचशे वर्षांत कोणा मालकाने ती मूठ जुनाट म्हणून काढून टाकली असती आणि तिच्या जागी चकचकीत पितळी मूठ बसविली असती, तर तलवार राहिली असती. मुल्हेर मात्र त्यातून नाहीसे झाले असते.

येथेच या विषयाचा खरा जिव्हाळ्याचा भाग येतो. मुठी बदलण्याची रीत पूर्वीही होती, मग आज बदलली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. फरक असा की पूर्वी मूठ बदलणारा ती वापरण्यासाठी बदली, आणि बदलणारा कारागीरही त्याच परंपरेतला असे. नवी मूठ हा त्या हत्याराच्या चरित्रातील पुढचा अध्याय ठरे. 1878 साली इंग्रजी हद्दीत हत्यारांचा कायदा कडक झाला. निजामाच्या मुलखातही फौजा व शिलेदार यांचे दिवस ओसरले. कोफ्तगार डब्या, तबके व कागद कापण्याच्या सुऱ्या करू लागले. शिकलगारांच्या हाती कात्र्या व विळ्या आल्या. चरित्र लिहिणाराच उरला नाही. त्यानंतर जी मूठ बदलते, ती बहुधा शोभेसाठी किंवा विक्रीसाठी. जुने पाते, तिसऱ्याच हत्याराची मूठ आणि वर कृत्रिम गंज असे जोडकाम बाजारात खपविले जाते आणि घेणारा फसतो. त्याहून वाईट म्हणजे इतिहासाचा अभ्यासक फसतो.

याचा अर्थ जुन्या धर्तीची नवी हत्यारे करूच नयेत असा नव्हे. आज अनेक हौशी तरुण जुन्या घाटाच्या सुऱ्या व खंजीर करवून घेतात, लाकडाच्या, शिंगाच्या, पितळेच्या मुठी स्वतः बसवितात. ही हौस चांगली आहे. तिने हाताला कौशल्य येते आणि जुन्या कारागिराची बुद्धी किती पोचलेली होती याची जाणीव होते. मात्र नव्या वस्तूवर आपले नाव व साल घालावे, म्हणजे ती पन्नास वर्षांनी कोणाला जुनी वाटणार नाही. आणि जे खरोखर जुने आहे त्याला हात लावू नये. मूठ डळमळत असेल तर ती तशीच राहू द्यावी. विस्तवावर धरून लाख वितळविली की पुरावा गेला. गादीचे कातडे फाटले असेल तर ते फेकून न देता कागदात गुंडाळून हत्याराबरोबरच ठेवावे. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, लोखंडाला तेलाचा पुसट हात द्यावा, सोन्याच्या नक्षीला राख, चिंच किंवा लिंबू लावू नये. ही तलवार घरात कशी आली याबद्दल वडीलधाऱ्यांना जे ठाऊक असेल ते लिहून काढावे, कारण ती माणसे गेल्यावर मुठीची अर्धी भाषा कळेनाशी होते. 1972 च्या पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, हेही ध्यानात असावे. शंका असेल तर शहरातील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तु संग्रहालयात जाऊन तेथील शस्त्रांशी आपल्या घरच्या शस्त्राची तुलना करावी. पात्यांची नव्हे, मुठींची.

खंडेनवमीला गंधफूल वाहताना म्हणूनच नजर जराशी मागे सरकू द्यावी. परजेच्या आतल्या अंगास झिजून गुळगुळीत झालेली एखादी जागा सापडेल. ती कोणत्याही कानशीने झालेली नाही. ज्याने ते हत्यार वर्षानुवर्षे वागविले, त्याच्या बोटांनी ती केली आहे. घरच्या त्या माणसाचे नाव कदाचित कोणत्याच बखरीत नसेल. त्याची निशाणी तेवढी त्या मुठीवर उरली आहे, आणि ती पुसून न टाकणे एवढेच मागून आलेल्यांच्या हाती आहे.